वाकडी ज्योत आणि सांगलीचा लझान्या

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत उत्तम लझान्या कोठे मिळतो, असा प्रश्न संपादकांनी मला विचारला. तो मला विचारावा यात त्यांचे काही चुकले नाही. या भागात इटालियन पदार्थांची जेवढी हॉटेले उघडली आणि जेवढी बंद पडली, त्यांतील बहुतेकांच्या स्वयंपाकघरात मी गुडघ्यांवर बसलो आहे. मी आचारी नाही. ओव्हन दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय होता. प्रश्नाचे उत्तर लगेच देतो. सर्वांत उत्तम लझान्या मी सांगलीत खाल्ला, उन्हाळ्यातील एका संध्याकाळी, आणि त्या दिवशी तो विक्रीस नव्हता. ती हकिगत कळण्यासाठी आधी ओव्हनविषयी आणि थोडे माझ्याविषयी सांगावे लागेल. माझ्याविषयीचे लवकर आटोपतो.

लष्कराच्या बेकरीत मी नोकरी केली. पाव भाजणाऱ्यांत मी नव्हतो. पाव ज्यांत भाजला जातो त्या भट्ट्या चालू ठेवणाऱ्यांत होतो. हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि गावी परतलो. आमच्या कोरेगावकडे लष्करातून परतलेल्या प्रत्येक माणसास मेजर म्हणतात. आरंभी मी लोकांची चूक दुरुस्त करीत असे. पुढे ते सोडून दिले. लष्कराने दिली नाही ती बढती गावाने दिली. ती नाकारण्यात काही शहाणपण नव्हते.

साताऱ्यात तेव्हा खारी, टोस्ट आणि नानकटाईच्या बेकऱ्या होत्या. लाकडाच्या भट्ट्या जाऊन गॅसचे ओव्हन येत होते, आणि ते बिघडले की पुण्याहून माणूस येईपर्यंत बेकरी थंड पडत असे. ती जागा मी भरली. बेकऱ्यांमागून पिझ्झ्याची दुकाने आली, आणि पिझ्झ्यामागून बाकीची इटली आली.

ओव्हन म्हणजे पेटीत कोंडलेली उष्णता. ती पेटीत सर्वत्र सारखी फिरावी, एवढेच त्याचे काम. बिघाड पुष्कळदा अगदी क्षुल्लक असतो. दाराच्या कडेची दोरी झिजते, फटीतून उष्णता निसटते, आचारी खटका फिरवून आच वाढवतो, पदार्थ वरून जळतो आणि आतून कच्चा राहतो. दोष मात्र मैद्याला दिला जातो. बर्नरची ज्योत निळी, आखूड आणि सरळ हवी. ती पिवळी झाली की हवा कमी पडते आहे. ती वाकडी झाली की कोठून तरी वारा येतो आहे. हे सारे डोळ्यांनी दिसते. त्यासाठी फक्त जमिनीवर पालथे पडावे लागते, आणि तेच लोकांना नको असते.

लझान्या माझ्या आयुष्यात पाचगणीत आला. एका निवासी शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य घालवलेल्या फ्रान्सिस नावाच्या गोव्याच्या गृहस्थांनी निवृत्तीनंतर तेथे लहानसे हॉटेल काढले होते. त्यांना सगळे मामा म्हणत. त्यांचा ओव्हन दुरुस्त करून मी उठलो आणि रीतीप्रमाणे एक पिझ्झा भाजून दाखवला. तो उत्तम निघाला. मामांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही.

“मेजरसाब, पिझ्झा खाऊन ओव्हनची परीक्षा करू नका,” ते म्हणाले. “पिझ्झा म्हणजे दारावरचा पाहुणा. दोन मिनिटं बसतो, सगळं गोड बोलतो, निघून जातो. लझान्या घरात राहायला येतो. त्याला सगळं दिसतं. बसा.”

मी बसलो. ज्यांनी हा पदार्थ खाल्लेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मैद्याच्या किंवा रव्याच्या रुंद, पातळ पट्ट्या असतात. एक पट्टी, त्यावर टोमॅटोचा दाट रस्सा, त्यावर दूध-लोण्याचा पांढरा सॉस, चीज, मग पुन्हा पट्टी. असे थर खोल ट्रेमध्ये रचून सावकाश भाजतात. खालून आच कमी पडली तर तळाची पट्टी गिच्च राहते. वरून जास्त झाली तर चीजचे कातडे होते. एका बाजूस उष्णता कमी असेल तर डावीकडचा तुकडा उजवीकडच्या तुकड्यास ओळख देत नाही. मामांनी मला ट्रेचे चारही कोपरे आणि मधला भाग असे पाच ठिकाणचे घास खायला लावले. मागचा उजवा कोपरा कच्चा होता. मी पुन्हा पालथा पडलो.

त्या दिवसापासून मी नियम केला. दुरुस्तीनंतर लझान्याचा एक ट्रे भाजून, पाच ठिकाणी खाऊन पाहिल्याखेरीज हत्यारे आवरायची नाहीत. ग्राहकांना प्रथम वाटे की हा माणूस फुकट जेवायला बसतो. नंतर त्यांना कारण कळले. काहींना कधीच कळले नाही, आणि तरी त्यांनी खाऊ घातले. त्यांचे मी अधिक ऋण मानतो.

आमच्या सौभाग्यवती औंधच्या. त्यांना मी एकदा मामांच्या हॉटेलात नेले. वाटेत त्यांनी ऐकवले, “गावभर ह्ये असलं खात फिरायचं आन घरी आलं की भाकरी करपली म्हनायचं.” तेथे त्यांनी पूर्ण तुकडा खाल्ला आणि म्हणाल्या, “चवीला बरा हाय. पर वडीवानी कापत्यात, आन वडीवानी ऱ्हात न्हाई. घाईनं कापला आसंल.” मामा बाजूलाच उभे होते. त्यांनी कान पकडले. लझान्या ओव्हनमधून काढल्यावर काही वेळ तसाच बसू द्यावा लागतो. मगच थर धरून राहतात. त्या दिवशी गर्दी होती आणि मामांनी तो बसू दिला नव्हता.

पाचगणीत स्ट्रॉबेरीच्या हंगामात स्ट्रॉबेरीचा लझान्याही मिळतो. मी तो खाल्ला आहे. अधिक लिहीत नाही.

साताऱ्यात पोवई नाक्याच्या अलीकडे संपत नावाच्या माणसाने मिसळीचे दुकान मोडून इटालियन हॉटेल काढले होते. एकदा त्याच्या ओव्हनचा खटका बदलला आणि नियमाप्रमाणे ट्रे मागितला. आलेला लझान्या पाचही ठिकाणी सारखा भाजला होता, पण चव ओळखीची वाटली. फार ओळखीची.

“संपत, पट्ट्या कुठल्या?” मी विचारले.

“आता तुमच्यापासनं काय लपवायचं, मेजर. पुण्यासनं माल आला न्हाई. गिऱ्हाईक तर दारात. म्हटलं चपात्या हायेत की सकाळच्या.”

“गिऱ्हाइकाने काय म्हटले?”

“कालच्यापरीस आज लय भारी झालाय म्हनला. आता माझीच पंचाईत. माल आल्यावर काय करू?”

मी त्यास सांगितले की ओव्हन ठीक आहे, पुढचा प्रश्न माझ्या खात्यातला नाही. तो लझान्या वाईट नव्हता, हे मात्र नोंदवतो.

आता सांगली.

वैशालीताई तासगावच्या. माहेर द्राक्षबागायतदारांचे. लग्नापूर्वी त्यांनी पुण्यात एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम केले होते आणि इटालियन पदार्थ तेथेच शिकल्या होत्या. सासर सांगलीचे, जैन, हळदीचे व्यापारी. व्यापार गावाबाहेरच्या मोठ्या गोदामात हलल्यावर बाजारातले जुने दुकान रिकामे पडले, तेव्हा त्यांनी तेथे हॉटेल काढण्याची इच्छा बोलून दाखवली. पती अजितराव अनुकूल होते. निर्णय मात्र सासऱ्यांचा. त्यांना सगळे अण्णा म्हणत.

अण्णांनी नकार दिला नाही. अट घातली. ज्या दुकानावर घराण्याचे नाव आहे, तेथे घरचा माणूस जेवू शकत नसेल तर ते दुकान आपले नव्हे, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा सुनेने एक दिवस सगळ्या कुटुंबाची पंगत तेथे घालावी, तिचा तो इटालियन पदार्थच वाढावा, आणि तो घरच्या नियमांत बसावा. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, म्हणजे जमिनीखालचे काही नको. वांगे नको. अंडे अर्थातच नको. आणि सूर्यास्तापूर्वी जेवण उरकले पाहिजे, कारण त्यानंतर अण्णा पाण्याखेरीज काही घेत नसत. हे जमले तर हॉटेल चालवावे. न जमल्यास दुकान भाड्याने द्यायचे. भाडेकरू तयारच होता.

मला ही अट अन्यायाची वाटली नाही, आजही वाटत नाही. वैशालीताईंनाही वाटली नव्हती. त्यांनी रव्याच्या पट्ट्या हाताने लाटल्या. रश्श्यात कांद्याऐवजी दुधी आणि कच्ची केळी घातली, ढबू मिरची भाजून घातली, आणि हिंगाचा वापर हात राखून केला. चीज विरजण्यासाठी प्राण्याच्या पोटातले काही वापरलेले नाही, याची खात्री करून घेतली. सगळे जमले होते. ओव्हन मात्र जमत नव्हता. तीनेक आठवड्यांपासून ट्रेची एक बाजू कच्ची राहत होती. दोन कारागीर येऊन गेले. दोघांनी पाहिले, ओव्हन उत्तम चालला, दोघे गेले. संध्याकाळी पुन्हा कच्चे. पंगतीच्या दिवशी सकाळी त्यांचा मला फोन आला. मी पहिल्या एस.टी.ने निघालो.

मी पोचलो, ओव्हन उघडला, जेट, म्हणजे गॅस येण्याची बारीक छिद्रे, साफ केली, दाराची दोरी तपासली. ज्योत निळी आणि सरळ. एक लहान ट्रे भाजून पाच ठिकाणी खाल्ला. सगळीकडे सारखा. मलाही काही सापडले नाही. इतर दोघांप्रमाणे मीही तेव्हाच निघालो असतो; पण पंगत होईपर्यंत थांबा, असे वैशालीताईंनी सांगितले, आणि परतीच्या गाडीची मला घाई नव्हती.

दुपार कलल्यावर मोठे ट्रे आत गेले. मी सवयीने पुन्हा पालथा पडलो आणि पाहिले, तर ज्योत वाकली होती. सगळ्या ज्योती एकाच दिशेस, शेतातल्या पिकासारख्या, डावीकडे झुकल्या होत्या. उजवी बाजू उघडी पडली होती. वारा होता.

दुकानाचे तोंड पश्चिमेस. उन्हाळ्यात दुपारनंतर नदीकडून वारा सुटतो, तो सरळ दारातून आत शिरत होता आणि मागच्या भिंतीतल्या खिडकीतून बाहेर पडत होता. ओव्हन त्या खिडकीशेजारी होता. सकाळी वारा नसे, म्हणून सकाळी येणाऱ्या कोणालाच दोष दिसत नसे.

“खिडकी लावा,” मी म्हणालो.

“ती लावता येत नाही, काका,” वैशालीताई म्हणाल्या.

“गंजली आहे?”

“नाही. घरटं आहे.”

खिडकीला एकच झडप होती आणि ती उघडी असताना झडप व गज यांच्या बेचक्यात होला पक्ष्याने घरटे केले होते. होल्याचे घरटे म्हणजे दहापंधरा काड्या निष्काळजीपणे टाकलेल्या. त्यात दोन पिले होती. झडप हलवली असती तर सगळे खाली. तीनेक आठवड्यांपूर्वी घरटे झाले, तेव्हापासून खिडकीला हात लावायचा नाही अशी अण्णांची आज्ञा होती. त्याआधी वारा वाढला की झडप ओढून घेत. दोषाचा जन्म त्या दिवशीचा.

मी खिडकीखाली पत्रा उभा करून ज्योतीला आडोसा केला. थोडा फरक पडला. पुरेसा नाही. ओव्हन हलवायचा तर गॅसची नळी सोडवावी लागली असती, आणि ट्रे अर्धे भाजलेले आत होते. ट्रे फिरवायचे तर दार उघडून उष्णता घालवायची. बाहेर कुटुंब जमू लागले होते. बायका, मुले, चुलते, मिळून तीस-पस्तीस माणसे. सतरंज्या अंथरल्या होत्या. वैशालीताईंनी एकदा दाराकडे, एकदा ओव्हनकडे पाहिले.

“काका, काढू का? डावीकडचं झालंय. तेवढं अण्णांना वाढते.”

“आणि उजवीकडचे?”

त्यांनी काचेतून उजव्या बाजूकडे पाहिले.

“पंगतीत एकाला भाजलेले आणि एकाला कच्चे वाढणार का?” मी विचारले.

“नाही,” त्या म्हणाल्या.

“मग पुढचे शटर थोडा वेळ ओढा. वारा तेथूनच येतो आहे. त्याचा आत यायचा रस्ताच बंद करू.”

त्या काही बोलणार तोच मागून आवाज आला. अण्णा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. पांढरे धोतर, पांढरी टोपी, हातात काठी. पण तिच्यावर भार दिलेला मी पाहिला नाही.

“शटर न्हाई वढायचं,” ते म्हणाले.

“थोड्या वेळापुरते,” मी म्हणालो.

“मेजर, बाजारात दिवसा शटर कवा वढत्यात, ठावं हाय का? घरात मयत झाल्यावर. माझा बाप गेला तवा वढलं, आई गेली तवा वढलं. आता वढलं तर समदी पेठ इचारायला यील, अण्णांच्यात कोन गेलं.”

“मग खिडकी लावू द्या.”

“ती न्हाई लावायची.”

“तर मग तुमचे जेवण होणार नाही.”

“न्हाई झालं तर न्हाई. उद्या सकाळी जेवीन. आमास्नी सवय हाय.” थोडे थांबून ते म्हणाले, “आर्मीतली मानसं म्हनं समदं खात्यात.”

“खातो,” मी म्हणालो. “पण तुमच्या ओव्हनवर काम करताना नाही.”

त्यांच्या चेहऱ्यावर काही हलले. हसू असावे, खात्री देत नाही. मग ते ज्या रीतीने वागले ती व्यापाऱ्याची रीत. नकार द्यायचा तेथे दिला, आणि लगेच अडचण समजून घ्यायला बसले.

“वारं दिसतंय का तुमाला?” त्यांनी विचारले.

“दिसते. खाली वाकावे लागेल.”

ते वाकले. काठी बाजूला ठेवली, टोपी सांभाळली आणि फरशीवर हात टेकून बर्नरकडे पाहिले. मी टॉर्च धरला. त्यांनी बराच वेळ त्या झुकलेल्या ज्योतींकडे पाहिले. सुनेने त्यांना उठताना हात दिला, तो त्यांनी घेतला.

“शटर वढायचं न्हाई,” ते पुन्हा म्हणाले. “पर दारात मानसं हुबी ऱ्हायला कुनाची मयत लागत न्हाई. अजित, हळदीच्या पोत्यावरची ताडपत्री हाय का माळ्यावर?”

ताडपत्री निघाली. तिच्यातून एवढी हळद झडली की दारातली माणसे क्षणभर खोकत राहिली. अण्णांनी सगळ्या चुलत्यांना आणि पुतण्यांना दारात ओळीने उभे केले आणि ताडपत्री खांद्यांच्या उंचीवर धरायला लावली. एक टोक त्यांनी स्वतः धरले. अजितराव म्हणाले, “आवं अण्णा, तुमी बसा की.” त्यावर ते म्हणाले, “गप धर. तुझं टोक खाली आलंय.”

मी आत जाऊन पालथा पडलो. ज्योती हलल्या, डळमळल्या आणि एकेक करून उभ्या राहिल्या. शेवटची उजवीकडची जरा उशिरा सरळ झाली. मी वर पाहून मान हलवली. वैशालीताईंनी खटका एक घर पुढे घेतला.

अडचण एवढीच राहिली, की ताडपत्रीमुळे आतून सूर्य दिसेना. तेव्हा अण्णांचे धाकटे भाऊ तात्या यांना सूर्य किती उरला ते सांगायला बाहेर रस्त्यावर उभे केले. ते मोठ्या आवाजाचे गृहस्थ. त्यांना पाहून येणारे-जाणारे थांबू लागले.

“काय झालं वो तात्या? समदी दारात का हुबी?” रस्त्यावरून कोणी तरी विचारले.

“काय न्हाई. लझान्या हाय.”

“म्हंजे?”

“मला तरी कुठं ठावं. अजून भाजाय लागलाय.”

“तात्या,” आतून अण्णांचा आवाज, “किती हाय?”

“समोरच्या वडाच्या वर हाय. हातभर.”

मी ओव्हनच्या काचेतून पाहत होतो. उजवीकडच्या कडेला पांढरा सॉस बुडबुडू लागला होता. आधी कडेला, मग आत. मी आयुष्यात पुष्कळ ट्रे पाहिले, पण एवढ्या लक्षपूर्वक क्वचित. वैशालीताई माझ्या शेजारी उभ्या होत्या. हातातल्या कापडाची त्यांनी पिळून पिळून दोरी केली होती.

“किती हाय?”

“वडात शिरला.”

“काढा,” मी म्हणालो.

ट्रे बाहेर आले. चीज सर्वत्र एकसारखे, फिकट बदामी. वैशालीताईंनी लगेच सुरी उचलली. मी हात आडवा धरला.

“बसू द्या.”

“काका, सूर्य...”

“वितीभर आहे अजून. आता कापला तर पानात खिचडी जाईल. एवढा वेळ भाजला तो याचसाठी नाही.”

त्यांनी सुरी खाली ठेवली. ताडपत्री गुंडाळली गेली, माणसे सतरंज्यांवर बसली. सगळ्यांच्या खांद्यांवर हळद होती. अण्णा आत डोकावून म्हणाले, “आता काय?”

“बसू दिला आहे,” मी सांगितले.

“बसायचं आमी. त्यो का बसतोय?”

“तो नीट बसला की तुमच्या पानात नीट बसेल, अण्णा,” वैशालीताई म्हणाल्या. सासऱ्यांना त्या दिवशी त्यांनी दिलेले हे पहिले उत्तर. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिले आणि जाऊन आपल्या जागी बसले.

मग वैशालीताईंनी लझान्या कापला. सुरी सरळ खाली गेली आणि तुकडा उचलला तेव्हा थर मोजता येतील असे उभे राहिले. पहिला तुकडा अण्णांच्या ताटात, पुढचे ज्यांना सूर्यास्ताचा नियम होता त्या वडीलधाऱ्यांच्या ताटांत, मग बाकीच्यांच्या. मी स्वयंपाकघराच्या दारात हत्यारांची पिशवी घेऊन उभा होतो.

“आवं मेजर,” अण्णा म्हणाले, “पंगत बसल्यावर मानूस हुबा ऱ्हात न्हाई. बसा हितं.”

मी त्यांच्या शेजारी बसलो. माझ्या पानात उजव्या मागच्या कोपऱ्याचा तुकडा आला. कोणी ठरवून वाढला नव्हता. मी तो खाल्ला. तळाची पट्टी शिजलेली, धरून राहिलेली. केळ्याने रश्श्याला जे अंग दिले होते ते कांद्याने दिले नसते. हिंग मागे, अगदी मागे. वरच्या चीजची कड किंचित कुरकुरीत होती. लझान्यात मी जे काही शोधत आलो ते सगळे त्या तुकड्यात होते. बाकीच्या चार ठिकाणचे घास मागण्याचे मला सुचले नाही. नियम त्या एकदाच मोडला.

या व्यवसायाने मला फार काही दिले नाही असे म्हणणारे लोक आहेत. गुडघे गेले, हे खरे. आता कंपन्यांचे ओव्हन येतात, त्यांत ज्योत दिसतच नाही. बिघाड झाला की पडद्यावर आकडा येतो आणि कंपनीचा माणूस भाग बदलून जातो. त्यास लझान्या खाण्याचे कारण उरत नाही. याचे मला वाईट वाटते, थोडे त्याच्यासाठीही. मला मात्र अनोळखी घरांच्या पंगतींत बसवण्यात आले, आणि तेही आधी त्यांच्या फरशीवर लोळून झाल्यावर. फ्रान्सिस मामा, संपत, वैशालीताई, यांचे आभार मी वेळच्या वेळी मानले नाहीत. आमच्या पिढीला ते जमत नाही. येथे मानतो.

अण्णा सावकाश जेवत होते. डावी बाजू, मग मध्य, मग कड. सगळी पंगत आपल्या ताटात पाहत होती, पण कान त्यांच्याकडे होते. वैशालीताई स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. अण्णांनी ताट पूर्ण केले, चूळ भरली, आणि उपरण्याने तोंड पुसले. बाहेरून तात्यांचा आवाज आला, “गेला.” तात्या आपले जेवण विसरून पहाऱ्यावर उभे राहिले होते, हे तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आले. त्यांना नियम नव्हता, म्हणून अडचण झाली नाही.

अण्णा उठले. मीही उठून ताडपत्री गुंडाळून ठेवलेल्या कोपऱ्याशी उभा राहिलो. ते माझ्याकडे न पाहता पुढे गेले. दाराजवळ, जेथे पूर्वी त्यांची गादी असे, तेथे थांबले आणि मागे वळले.

“वैशाली.”

“काय, अण्णा?”

“उद्या दुकान किती वाजता उघडतीस?”

“अकराला.”

“धाला उघड,” अण्णा म्हणाले. “ह्या दारात धाच्या म्होरं गिऱ्हाइकाला कवा ताटकळत ठेवलं न्हाई आमी.”

ते पायरी उतरून गेले. वैशालीताई चौकटीला तशाच टेकून राहिल्या. ओव्हन चालूच होता. तो मी बंद केला.